मुकी गाडी आणि मागांची गल्ली

माझं पोट माझ्या कानानं भरलं. एखाद्या गवयानं असं म्हटलं तर शोभून दिसेल, पण मी सोलापुरात पालिकेच्या वर्कशॉपमध्ये डिझेल मिस्त्री होतो आणि निवृत्त होताना फोरमन. फोरमन म्हणजे तोच मिस्त्री, फक्त हात पुसायला त्याला जरा बरं फडकं मिळतं.

पालिकेची गाडी म्हटलं की लोकांना साहेबांची पांढरी मोटार आठवते. आमच्या आवारात ती सगळ्यांत कमी यायची, कारण तिला कामच कमी. यायचे ते पाण्याचे टँकर, गटार उपसणाऱ्या गाड्या, शववाहिका, मोकाट कुत्री धरणारी एक जाळीची गाडी आणि घंटागाड्या. घंटागाडी म्हणजे दारोदार कचरा गोळा करणारी. पूर्वी खरोखर घंटा वाजायची, आता भोंग्यावर गाणं लागतं, नाव मात्र घंटेचंच राहिलं. या गाडीसारखे हाल कुणाचे नाहीत. चार घरं पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा चार घरं. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही, इंजिन कायम तापलेलं आणि डोक्यावर सोलापूरचं ऊन. अशा गाडीला काय दुखतंय ते ती स्वतः सांगते, ऐकणारा पाहिजे. पेचकसाचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. टॅपेट टकटक करतं, बेअरिंग घरघरतं, नोझल बिघडला की इंजिनाला ठसका लागतो. मी तर फाटकाकडे पाठ करून चहा पीत बसायचो आणि आत येणारी गाडी कुठली आणि तिला काय झालंय, हे दोन्ही न वळता सांगायचो. यात फुशारकी होती हे मान्य. पण पैजेचा चहा दर वेळी समोरच्यानंच पाजला.

त्यामुळे विजेच्या गाड्या येणार अशी बातमी आली तेव्हा सगळं वर्कशॉप माझ्याकडे दुखवट्याला आल्यासारखं बघायला लागलं. आता मिस्त्रींच्या कानाचं काय, म्हणून लोक हळहळले. खरं सांगू? मला आनंद झाला होता. लहानपणी मंद्रूपला आमच्या घरात पहिला दिवा लागला तेव्हा मी ते बटण इतकं खालीवर केलं होतं की आजोबांनी माझे हात बांधून ठेवायची धमकी दिली होती. तेच पोरगं अंगात पुन्हा शिरलं. बायकोला मी रोज जेवताना बॅटरीबद्दल सांगायचो आणि ती भाजी वाढत, बरं बरं, म्हणायची.

पहिल्या गाड्या ट्रकच्या पाठीवर बसून आल्या. आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर रफीकभाई. त्यांनी एका गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, पुढचं झाकण उघडून आत पाहिलं, वाकून खाली पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मिस्त्री, इंजन किधर हाय इसका?"

"न्हाय," मी म्हटलं.

"नई मतलब? घर पे रह गया?"

दुसऱ्या दिवशी मांडव घालून पूजा ठेवली. हार, नारळ, चाकाखाली लिंबं आणि समोर टेबलावर पेढ्यांचा खोका. टेबलापाशी आमच्या विभागाच्या उपअभियंता मॅडम उभ्या होत्या. पहिली गाडी हलवायचा मान रफीकभाईंना. इथं आमच्या ड्रायव्हरांची एक रीत सांगायला हवी. चावी फिरवली की कुणी लगेच निघत नाही. आधी पायानं दोन-तीनदा दाबून इंजिन गुरगुरवायचं, म्हणजे त्याला जाग येते. याला रेस देणं म्हणतात. डिझेलची गाडी गिअर पडेपर्यंत जागची हलत नाही, त्यामुळे रेस द्यायला कुणाचं काही जात नाही. रफीकभाईंनी चावी फिरवली, शिकवल्याप्रमाणे खटका पुढे केला आणि कान दिला. गाडी गप्प. त्यांना वाटलं, चालूच झाली नाही. मग अख्खं आयुष्य जे केलं तेच केलं, सणसणीत रेस दिली.

गाडी लिंबं चिरडून टेबलावर गेली. मॅडम एका बाजूला उडाल्या, मी दुसऱ्या बाजूला, पेढे सगळीकडे. नारळ घरंगळत डिझेल पंपापाशी जाऊन थांबला. कुणाला खरचटलंही नाही, पण आवारात अशी शांतता पसरली की मुंग्यांनाही पेढ्यांकडे यायला संकोच वाटावा. मग मॅडमनी मांडवाच्या कापडावर अडकलेला एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, गाडीत ताकद आहे म्हणायची. त्यानंतर जे हसू फुटलं ते दुपारपर्यंत आवरेना. रफीकभाई मात्र आठवडाभर त्या गाडीशी बोलत नव्हते.

मला तर त्या गाडीनं वेडच लावलं. कचऱ्याच्या डब्याखाली बॅटरीची पेटी, मागे टरबुजाएवढी मोटर, बस्स. क्लच नाही, गिअर नाही, तेल बदलणं नाही. जुने ड्रायव्हर डाव्या पायानं हवेतच क्लच शोधायचे. सगळ्यांत गंमत उताराची. डिझेलची गाडी उतारावर ब्रेक झिजवते. ही मात्र पाय उचलला की चाकांच्या जोरावर मोटरलाच कामाला लावते आणि वीज बनवून पुन्हा बॅटरीत टाकते. उतारावर गाडी स्वतःचं खाणं स्वतः कमावते! पहिल्यांदा काट्यावर बॅटरी वाढताना पाहिली तेव्हा मी गाडी वळवून पुन्हा वर नेली आणि पुन्हा उतरवली. असं मी किती वेळा केलं ते सांगत नाही, कारण त्या दिवशी मी रजेवर होतो.

याच गाड्यांमुळे पद्माक्का आमच्याकडे आली. या गाड्या चालवायला सोप्या, म्हणून त्यांच्यावर काही बायकांना शिकवून घ्यायचं ठरलं होतं. पद्माक्का तेलुगू विणकरांच्या घरातली, चाळिशीची, अंगानं किरकोळ, बोलायला कडक. लहानपणापासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या. तंबाखूनं छाती भरलेली, पाठीला बाक आलेला. नवरा, नरसय्या, यंत्रमागावर कामाला होता. मागांच्या खडखडाटानं त्याचा कान गेला आणि पुढे कारखानाही बंद पडला. घर हिच्या बोटांवर चाललेलं. ती पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसली तेव्हा पाठ ताठ करून बसली आणि म्हणाली, इतकं सरळ बसून काम करायचं असतंय हे मला ठाऊकच नव्हतं. गाडी रोज पुसायची, तिच्याशी तेलुगूत बोलायची. डिझेलच्या लोकांना मी वर्षानुवर्षं गाडी धुवा म्हणून ओरडत होतो, आणि इथं ही बाई बॅटरीच्या पेटीला पदरानं पुसत होती. मला ती त्याच दिवशी आवडली.

भाषा येते म्हणून तिला मागांच्या गल्ल्या दिल्या. तिथं घराआड घर कारखाना आहे, टॉवेल नि चादरींचा. सकाळपासून माग सुरू असतात. आणि पहिल्याच आठवड्यात भानगड झाली. सगळ्या भागांतल्या गाड्या भरून यायच्या आणि पद्माक्काची निम्मी रिकामी. कचरा डेपोवर वजनकाटा आहे, त्यावर गाडी चढली की लपवायला जागा नाही. तिकडे गल्लीच्या कोपऱ्यांवर ढीग साठले आणि तक्रारी यायला लागल्या की गाडी येतच नाही. ती जात होती हे मॅडमच्या मोबाइलवरच्या नकाशात दिसत होतं. सगळ्या ठिकाणी थांबत होती, गाणं लावत होती. पण डबे घेऊन कुणी बाहेर येत नव्हतं.

मॅडमनी आम्हां दोघांना बोलावलं. त्यांनाही या गाड्या मनापासून हव्या होत्या, आवाज चढवला नाही. पण चाचणी सुरू होती आणि वर उत्तर त्यांना द्यायचं होतं. महिनाअखेरपर्यंत त्या गल्ल्यांतून पुरेसं वजन आलं नाही तर तिथं पुन्हा डिझेलच्या गाड्या लावाव्या लागतील, असं त्यांनी सांगितलं. तसं झालं तर त्या फेरीवर जिला घेतलंय तिचं कामही संपणार, हे त्यांनी सांगितलं नाही, पण खोलीतल्या तिघांनाही ते माहीत होतं.

बाहेर जिन्यात पद्माक्का थांबली. "मिस्त्री, गाडी चांगली हाय की. तिची काय चूक न्हाय. मला पुना सुपापुढं बसवू नका."

इंजिन बिघडलं असतं तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, उद्या चालू करतो. इथं गाडी ठणठणीत होती आणि काम होत नव्हतं. असला आजार मी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या सकाळी तिच्या शेजारी बसून गेलो. गल्लीत शिरलो आणि खडखडाटानं डोकं भरून गेलं. भोंगा जोरात होता, पण गाडीत बसलेल्या मलाच गाणं नीट कळेना. दारं उघडी, आत माणसं मागांवर, पाठी आमच्याकडे. आम्ही जाऊन थांबायचो, वाट पाहायचो, निघायचो. एका कारखान्याच्या उंबऱ्यात एक म्हातारे विणकर सूत सोडवत बसले होते. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडून विचारलं, आजोबा, पूर्वी घंटागाडी आलेली कशी कळायची? त्यांनी आधी बोटानं नाक दाखवलं आणि मग खिडकीचा पत्रा.

"धूर यायचा की. आन् पत्रा थरथरायचा."

मी तिथंच कपाळाला हात लावला. ज्या धुरासाठी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आणि ज्या थरथरीसाठी इंजिनाखालची रबरं बदलत राहिलो, तीच या गल्लीतली हाक होती. इथं कानावर कुणाचा भरवसाच नव्हता. आम्ही मोठ्या कौतुकानं धूर काढला, आवाज काढला, थरथर काढली आणि त्यांच्यासोबत गाडीही काढून टाकल्यासारखं झालं.

कारण सापडलं म्हणताच माझा उत्साह परत आला आणि उत्साहात मी शुद्ध मूर्खपणा केला. रफीकभाईंच्या जुन्या घंटागाडीचा आवाज मोबाइलवर भरून घेतला आणि पद्माक्काच्या भोंग्यावर लावला. विजेची गाडी डिझेलच्या आवाजात निघाली. मागांच्या गल्लीनं तो आवाज गिळून टाकला. वाटेतल्या शांत वसाहतीत मात्र एक निवृत्त गुरुजी बाहेर आले आणि नवी गाडी आणून जुनाच गोंगाट ठेवायचा होता तर आमचा पैसा कशाला घातलात, म्हणून त्यांनी भर रस्त्यात आमची शाळा घेतली. परत आल्यावर फाटकातच रफीकभाईंनी कान टवकारले.

"ये तो मेरी गाडी हाय मिस्त्री. टॅपेट बजरा. तुमको सुनाई नई दिया?"

नाही दिलं. मी तो आवाज डझनभर वेळा ऐकला होता आणि टॅपेटची टकटक मला ऐकू आली नव्हती. मी हसून वेळ मारून नेली. मनात मात्र ते कुसळासारखं राहिलं.

पुढच्या सकाळी पुन्हा त्याच गल्लीत होतो. मी भोंग्याची तोंडं फिरवून बघत होतो. पद्माक्का वैतागून बसली होती. तोंडावरचा घाम पुसायला तिनं बाजूचा आरसा स्वतःकडे ओढला. गल्लीच्या त्या तोंडाला ऊन आलेलं होतं. आरशातून उन्हाचा एक कवडसा उडाला, समोरच्या कारखान्याच्या दारातून आत गेला आणि अंधाऱ्या भिंतीवरून सरकला. आतला माणूस मागावरून वळला. हात वर करून त्यानं आलो म्हणून खूण केली आणि कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आला.

पद्माक्का आरशाला धरून तशीच बसून राहिली. मग तिनं तो थोडा हलवला. कवडसा पुढच्या दारात शिरला. तिथून एक बाई डबा घेऊन आली.

"मिस्त्री, मी येडी हाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मागावर कुणी कुणाला हाक मारत न्हाय. दिवा लावायचा, इजवायचा. घरात ह्यांना जेवायला मी अजून तसंच बोलावते, बटण दाबून."

मला मंद्रूपचं ते बटण आठवलं आणि मी भर गल्लीत मोठ्यानं हसलो. मागांमुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही.

त्या दुपारी वर्कशॉपमध्ये जे काम केलं त्याचं सुख मला कुठल्याही इंजिनानं दिलं नाही. गाडीचा बाजूचा आरसा छोटा, तो रस्ता बघायला लागतो. मोठे आरसे हवे होते. आवाराच्या मागे, कडुलिंबाखाली, लिलावाची वाट बघत मोडीत काढलेल्या डिझेलच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांतली एक माझी फार लाडकी. तिचं इंजिन मी इतक्या वेळा उघडलं होतं की मला झोपेतही जोडता आलं असतं. तिचे दोन्ही आरसे काढताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू. शहरभर फिरून ती गंजत उभी होती आणि मी तिचे डोळे काढून दुसरीला लावत होतो. पण तिलाही भंगारात जाण्यापेक्षा हे आवडलं असतं, असं मी मानून घेतलं. छताच्या वर लोखंडी दांडी उभी केली, तिच्यावर दोन्ही आरसे आणि सीटवरून फिरवता येईल असा खाली एक दांडा. ढगाळ दिवसासाठी एक फिरता दिवा. या दिव्याची गरज कितपत पडेल, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, मॅडम, सोलापुरात ऊन कमी पडलं अशी तक्रार आजवर कुणी केलेली न्हाय. मंजुरी नंतर आली, आरसे आधी बसले.

फेरीची दिशा पद्माक्कानं स्वतः बदलली. सकाळी ज्या तोंडाला ऊन येतं तिकडून शिरायचं, सावलीतल्या गल्ल्या ऊन वर आल्यावर घ्यायच्या. रफीकभाई एकदा बघायला म्हणून तिच्यासोबत गेले. विजेच्या गाडीशी त्यांचं भांडण तिथं मिटलं, कारण संध्याकाळी स्वतःच्या फेरीसाठी त्यांनीही माझ्याकडे एक आरसा मागितला. त्यांच्या भागात एकही माग नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

महिनाअखेरीला मॅडम कचरा डेपोवर आल्या. मीही गेलो, काही काम नसताना. पद्माक्काची गाडी वळणावर दिसली. मला आवाज आला नाही, दिसली ती वरची काच, उन्हात लखलखणारी. मागचं झाकण लागत नव्हतं, सुताचा गुंता बाहेर लोंबत होता. गाडी काट्यावर चढली. काट्यावरच्या माणसानं आकडा पाहिला, डोळे चोळले आणि गाडी उतरवून पुन्हा चढवायला सांगितली. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला. मॅडम पद्माक्काच्या खिडकीपाशी गेल्या आणि तिचा हात हातात घेतला. ती पाठ ताठ करून बसली होती. त्या गल्ल्या तिच्याकडेच राहिल्या, आजही आहेत, आणि आता तिच्यासारख्या आणखी बायका गाड्यांवर आहेत.

आवार आता शांत झालंय. ज्यांच्या हातात मी पान्हा दिला त्यांच्या हातात आता मीटर असतं. डिझेलच्या गाड्या एकेक करून गेल्या, त्यांचे आवाज ओळखणारा माणूसही गेला. याचं वाईट वाटतं, वाटायलाच हवं. पण पुन्हा निवडायला सांगितलं तर मी त्या मुक्या गाडीच्याच शेजारी बसेन, आणि उतार आला की पाय उचल म्हणून पद्माक्काच्या मागे लागेन.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी माझे कान तपासले आणि धंदा काय करत होतात, एवढंच विचारलं. टीव्ही इतका मोठा लावता की शेजाऱ्यांना वेगळा घ्यायला नको, असं बायको म्हणते. सकाळी मी व्हरांड्यात पेपर वाचत बसतो, जुन्या सवयीनं फाटकाकडे पाठ करून. आमच्या भागातली घंटागाडीही विजेची झाली, तेव्हापासून ती येऊन गेलेली मला कधी कळायची नाही. कचऱ्याचा डबा तसाच राहायचा आणि बोलणी मला बसायची.

मग आमच्या गल्लीची फेरीही पद्माक्काकडे आली. मला कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी पेपरावर उन्हाचा एक गोल कवडसा पडला. आधी मला वाटलं, पान हललं असेल. तो अक्षरांवरून सरकला, माझ्या हातावर चढला आणि नाकावर येऊन थांबला, हलेचना.

मी वळलो नाही. मागावरची माणसं करतात तसा हात वर केला आणि आतल्या बायकोला मोठ्यानं सांगितलं, "पद्माक्का आली. गाडी ठणठणीत हाय." आणि डबा घेऊन उठलो.